फुगलेली बॅटरी, थांबलेले अपडेट: चार वर्षांचा फोन दुरुस्त करावा की नवा घ्यावा?

मांजराकाठ (केज)

राम राम मंडळी. वडिलांच्या फोनचं काय करावं यावर जाणकारांचं मत हवंय. 2021 चं मॉडेल, 4 जीबी रॅम, 64 जीबी स्टोरेज, 5,000 एमएएच बॅटरी, सोबत 18 वॅटचा चार्जर. एप्रिलपासून लई तापायलाय. मागचं झाकण आवाजाच्या बटणांच्या बाजूनं नखभर उचललंय. 30 टक्के चार्जिंग असताना कॅमेरा उघडला की गपकन बंद. चार्जर लावून चालू केला की पुन्हा 28-29 टक्के दाखवतो. काचेला खालच्या कोपऱ्यात तडा आहे, पण टच सगळीकडं चालतो. अँड्रॉइड 12 वर अडकलाय, सुरक्षा पॅच 2023 चा.

वापर म्हणाल तर व्हॉट्सॲप, यूपीआय, मोंढ्यातले भाव बघणं आणि हंगामात ई-पीक पाहणी. एका दुकानात बॅटरीचे 800 आणि फोल्डरचे (काच, टच आणि डिस्प्ले एकत्र) 1,800 सांगितले. 'ओरिजिनल' फोल्डर हवा तर 3,500. दुसऱ्या दुकानदारानं सरळ हात जोडले: यात पैसे घालू नका, बारा हजारांत नवा 5जी येतो.

दुरुस्त करावा की नवा घ्यावा? आणि दुरुस्त केला तर यूपीआय वगैरे अजून किती दिवस चालेल?

सोल्डरवाला (लातूर)

ते सावकाश ठरवा. आधी हा फोन चार्जिंगला लावणं आजपासून बंद करा.

झाकण आपोआप उचललं म्हणजे बॅटरी फुगलीय, दुसरं काही नाही. आतल्या इलेक्ट्रोलाइटचं विघटन होऊन वायू साठतो, पाकीट फुगतं आणि झाकणाला ढकलतं. झाकण दाबून बसवू नका, रबरबँड लावू नका. हवा काढायची म्हणून टाचणी टोचणारे महाभागही असतात. आतले थर एकमेकांना टेकले की बॅटरी पेट घेते. उरलेल्या चार्जमध्ये व्हॉट्सॲपचा बॅकअप घ्या, फोन बंद करा आणि गादी-गोधडीपासून लांब, उघड्या फरशीवर नाहीतर स्टीलच्या ताटात ठेवा. दुकानात नेताना गाडीच्या डॅशबोर्डवर उन्हात टाकू नका.

30 टक्क्यांवर बंद का पडतो तेही सांगतो, कारण यावरूनच फोनचा आतला मुख्य बोर्ड चांगला आहे की नाही याचा अंदाज येतो. बॅटरी जुनी झाली की तिचा आतला रोध वाढतो. कॅमेरा उघडला की सेन्सर, प्रोसेसर आणि स्क्रीन एकदम करंट ओढतात, व्होल्टेज क्षणभर खाली बसतं आणि पॉवर आयसी (वीजपुरवठा सांभाळणारी चिप) फोन बंद करून टाकतो. गाळानं भरलेल्या पाइपावर मोटर चालू करावी तसं: विहिरीत पाणी आहे, पण पाइपातून येईना. ई-पीक पाहणीत जीपीएस, कॅमेरा आणि इंटरनेट तिन्ही एकाच वेळी लागतात, त्यामुळं हा फोन नेमका बांधावर दगा देणार. चार्जर लावल्यावर टक्के परत जागेवर येतात याचा अर्थ दोष बॅटरीत आहे. बोर्ड बहुतेक ठणठणीत असेल.

बॅटरी घेताना जुन्या बॅटरीवरचाच मॉडेल नंबर जुळवा. शाओमी-रेडमीचा नंबर 'बीएन'नं सुरू होतो, ओप्पो-रिअलमीचा 'बीएलपी'नं, सॅमसंगचा 'ईबी'नं. भारतात विकायच्या बॅटरीवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरो) नोंदणी क्रमांक लागतो, 'आर-' आणि पुढं आठ आकडे. नुसता छापलाय म्हणून भरवसा ठेवू नका, छापायला काय लागतं? 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो टाकला की कोणत्या कारखान्याच्या नावावर आहे ते दिसतं. तिथं चप्पल कंपनी निघाली किंवा काहीच निघालं नाही तर बॅटरी परत करा.

दुसरी परीक्षा वजनाची. दुकानातच जुनी बॅटरी काढल्यावर दोन्ही डिजिटल काट्यावर ठेवा. पाकीट फुटलेलं नसेल तर फुगल्यानं वजन बदलत नाही. 5,000 एमएएचची बॅटरी 70 ग्रॅमच्या आसपास भरते, दोन्हींत चार-पाच ग्रॅमचा फरक चालतो. नवी 50-55 ग्रॅमच भरली तर लेबलवर काहीही असो, आत माल कमी आहे. त्याच मापाच्या बॅटरीवर '6,500 एमएएच' छापलेलं दिसलं तर वजनसुद्धा करू नका, उठा तिथून.

बसवताना समोर उभं राहा. फुगलेल्या बॅटरीवर हीट गन मारायची नसते आणि लोखंडी पात्यानं उचकटायची नसते. कडेनं आयसोप्रोपाइल अल्कोहोलचे थेंब सोडायचे, दोन-तीन मिनिटं थांबायचं, मग प्लास्टिकचं कार्ड हळूहळू सरकवायचं. त्याआधी बॅटरीचा कनेक्टर सुटा केलेला हवा. तो लागलेला असताना डिस्प्लेची पट्टी काढली-घातली तर बॅकलाइटचा फ्यूज उडतो आणि 800 चं काम दोन-अडीच हजारांवर जातं. मग दुकानदार म्हणतो, 'बोर्ड आधीच खराब होता.' झाकण बी-7000 गमनं चिकटवून क्लिपा लावून दोन-तीन तास तसंच ठेवावं लागतं. पाच मिनिटांत हातात दिला तर पहिल्या पावसाळ्यात आत ओल शिरणार.

आणि हो, 'नवी बॅटरी आधी आठ तास चार्ज करा' असं सांगतील. ती निकेल बॅटरीच्या जमान्यातली गोष्ट. लिथियमला त्याचा काही उपयोग नाही.

दुधनाकाठ (सेलू)

हार्डवेअरचं वर आलंय, मी सॉफ्टवेअरवर बोलतो.

अबाउट फोनमध्ये अँड्रॉइड व्हर्जनवर टिचकी मारली की दोन तारखा दिसतात. 'अँड्रॉइड सिक्युरिटी अपडेट' ही खरी. 'गूगल प्ले सिस्टीम अपडेट' वेगळी असते. ती नवी दिसली म्हणून पॅच नवा समजू नका. पॅच 2023 चा आहे म्हणून फोन उद्या बंद पडणार नाही. व्हॉट्सॲप आणि यूपीआय ॲप्स आज अँड्रॉइड 12 पेक्षा जुन्या फोनवरही चालतात. त्यांचा दरवाजा दोन ठिकाणी बंद होऊ शकतो. एक, ॲपवाल्यानं किमान अँड्रॉइड वाढवलं तर. दोन, फोनमध्ये छेडछाड झाली नाही ना हे बघणाऱ्या गूगलच्या 'प्ले इंटेग्रिटी' तपासणीत फोन नापास झाला तर. मे 2025 पासून या तपासणीतल्या सगळ्यांत कडक दर्जासाठी गेल्या वर्षभरातला सुरक्षा पॅच लागतो, पण ती अट अँड्रॉइड 13 आणि पुढच्यांना. म्हणजे गंमत अशी की 12 वर राहिल्यामुळं तुमचा फोन तिच्यातून सुटतो. कोणी 'कस्टम रॉम (कंपनीबाहेरच्यांनी बनवलेलं अँड्रॉइड) टाकून अँड्रॉइड 14 करून देतो' म्हणालं तर नको म्हणा. त्यासाठी बूटलोडर, म्हणजे फोन सुरू करणाऱ्या प्रोग्रामचं कुलूप, उघडावं लागतं, आणि ते उघडलं की बँकेचे ॲप्स पहिल्यांदा रुसतात. माझ्या अंदाजानं या फोनला अजून दीड-दोन वर्षं तरी यूपीआयची अडचण नाही.

वडीलधाऱ्यांच्या फोनला जुन्या पॅचपेक्षा मोठा धोका एपीके फाइलचा, म्हणजे प्ले स्टोअरबाहेरून ॲप बसवणाऱ्या फाइलचा आहे. 'पीएम किसान', 'आरटीओ चलान', 'लग्नपत्रिका' अशा नावानं व्हॉट्सॲपवर येते, उघडली की एसएमएस वाचायची परवानगी मागते आणि ओटीपी पुढं पाठवत बसते. नवा कोरा फोन असला तरी माणसानं स्वतः परवानगी दिल्यावर पॅच काय करणार? सेटिंग्जमध्ये स्पेशल ॲप ॲक्सेस, त्यात 'इन्स्टॉल अननोन ॲप्स', तिथं व्हॉट्सॲप, क्रोम आणि फाइल मॅनेजर तिन्हींसमोर बंद करून ठेवा. यूपीआयला वेगळं खातं जोडा, त्यात पाच-दहा हजारांपेक्षा जास्त ठेवू नका. कापसाची पट्टी (विक्रीचे पैसे), पीकविमा जमा होतो ते खातं यूपीआयला जोडूच नका. तरी पैसे गेलेच तर लगेच 1930 वर फोन. जितका उशीर, तितकी रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

फोन दुकानात देताना सिम काढून घ्या. सिम आणि फोनचा पिन दोन्ही एकाच्या हातात गेले तर बाकी काही लागत नाही. बॅटरी बदलायला पिनची गरजच नसते. टच आणि चार्जिंग लॉक स्क्रीनवरही तपासता येतं.

ई-पीक पाहणीच्या वेळी बॅटरी सेव्हर बंद ठेवा, तो चालू असला की लोकेशन कच्चं मिळतं आणि तुम्ही आपल्या शेताच्या गटात उभे असून ॲप तुम्हाला बाहेर दाखवतं. झाडाखाली उभं न राहता मोकळ्या आभाळाखाली दोन मिनिटं थांबा, मग फोटो काढा. फोन दुरुस्तीत अडकला तरी नोंद अडत नाही. एकाच मोबाइलवरून दुसऱ्या खातेदाराचीही करता येते, शेजाऱ्याचा फोन घ्या. मुदतीच्या शेवटच्या आठवड्यावर मात्र ढकलू नका, तेव्हा सर्व्हर रडतो.

बालाघाटी (अंबाजोगाई)

'बारा हजारांत नवा येतो' हे त्या दुकानदाराच्या तोंडून आलं, पण हिशोब कंपन्यांचा आहे. 800 रुपयांची बॅटरी बदलायला अल्कोहोल, गम, क्लिपा आणि एक जाणता कारागीर लागतो, कारण फोनच तसा घडवलाय. दहा-बारा वर्षांपूर्वी नखानं झाकण उघडून शेतातसुद्धा बॅटरी बदलता यायची.

आता बघा, हीच मॉडेलं युरोपात विकायची तर 20 जून 2025 पासून काय अटी आहेत: मॉडेलची विक्री थांबल्यावर 7 वर्षं सुटे भाग मिळाले पाहिजेत, शेवटचा नग बाजारात आल्यापासून किमान 5 वर्षं सॉफ्टवेअर अपडेट दिले पाहिजेत, 800 वेळा चार्ज झाल्यावरही बॅटरीत 80 टक्के क्षमता उरली पाहिजे. फेब्रुवारी 2027 पासून वापरणाऱ्याला स्वतः बॅटरी काढता यावी अशीही अट येतेय. तिच्यात टिकाऊ, पाण्यात चालणाऱ्या फोनसाठी पळवाट ठेवलीय, तो भाग वेगळा. कंपन्या या अटी पाळतायत. म्हणजे जमत नाही असं नाही.

आपल्याकडं? ग्राहक व्यवहार विभागानं जुलै 2022 मध्ये 'राइट टू रिपेअर'साठी (दुरुस्तीचा हक्क) समिती नेमली. चार क्षेत्रं घेतली: शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं. 24 डिसेंबर 2022 ला पोर्टल आलं. पोर्टलवर कंपन्यांच्या सर्व्हिस सेंटरचे पत्ते आणि वॉरंटीची माहिती मिळते. सुटा भाग मिळालाच पाहिजे अशी सक्ती त्यात कुठंच नाही. मे 2025 मध्ये 'रिपेअरेबिलिटी इंडेक्स'चा अहवाल आला. बॅटरी, डिस्प्ले, कॅमेरा, चार्जिंग पोर्ट वगैरे भाग किती सहज बदलता येतात त्यावर फोनला गुण द्यायचे आणि ते विकतानाच दाखवायचे. कल्पना चांगली आहे, फ्रान्सनं 2021 मध्येच केलीय. पण गुण देणार कोण, तर कंपनी स्वतः! परीक्षा विद्यार्थ्यानंच तपासायची.

त्यात कराचं बघा. 1 एप्रिल 2020 ला मोबाइल आणि त्याच्या भागांवरचा जीएसटी 12 वरून 18 टक्के झाला. म्हणजे जुना जगवायला लागणारी बॅटरी आणि नवा फोन, सरकारच्या लेखी दोन्ही सारखेच. दुरुस्तीच्या भागांवर कर कमी केला तर तालुक्याच्या ठिकाणी चांगला माल परवडेल, आणि 'कॉपी'चा धंदा आपोआप कमी होईल. निवडणुकीत रस्त्यावर बोलतात, विम्यावर बोलतात, यावर कोणी बोललेलं ऐकलंय का? ट्रॅक्टरचंही हेच होणार आहे. उद्या त्याच्या कंट्रोल युनिटला कंपनीचा लॅपटॉप जोडल्याशिवाय एरर पुसता आली नाही, की मग कळेल.

हिमायतबाग (छत्रपती संभाजीनगर)

बालाघाटी सर, सगळं मान्य. पण कायदा येईपर्यंत त्या फोनचा भडका उडेल, म्हणून रुपयांवर येतो.

12,000 चा फोन चार वर्षं चालला तर वर्षाला 3,000. या फोनला 800 घालून दीड-दोन वर्षं मिळाली तर वर्षाला 400 ते 550. बॅटरी घालणं सरळ फायद्याचं. फोल्डरसह 'ओरिजिनल' धरलं तर 4,300. तिथं गणित डळमळतं, कारण अपडेट संपलेल्या फोनमध्ये नव्याच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त पैसे घालायचे नसतात. फोल्डर सोडा.

कंपनीचा भाव आधी बघून घ्या. बऱ्याच कंपन्या सुट्या भागांची किंमत वेबसाइटवर मॉडेलनिहाय टाकतात. बॅटरी तिथं हजार-पंधराशेला मिळत असेल आणि लातूर-बीडला जाणं होणारच असेल तर ते 200-700 जास्त द्यायला हरकत नाही. आधी फोन करून भाग हजर आहे का विचारा. चार वर्षांच्या मॉडेलला 'मागवावा लागेल' हे उत्तर नेहमीचं. बाहेर केलं तर पक्कं बिल घ्या, त्यावर बॅटरीचा नंबर आणि सहा महिन्यांची वॉरंटी लिहून घ्या. बिल असलं तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार टाकता येते, पुढं जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं. 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही. 800 रुपयांसाठी आयोगात कोणी जात नाही हे दुकानदारालाही माहीत असतं, पण बिल मागणाऱ्याला सहसा चांगल्या डब्यातली बॅटरी निघते.

आमच्या इथल्या पैठण गेटला जुना फोन स्वस्तात मिळतो म्हणून कोणी सुचवलं तर घेण्याआधी *#06# दाबून आयएमईआय (फोनचा 15 आकडी ओळख क्रमांक) काढा आणि 'केवायएम', एक जागा, मग 15 आकडे असा एसएमएस 14422 ला पाठवा. अक्षरं इंग्रजी लिपीत. उत्तरात ब्लॅकलिस्ट, डुप्लिकेट किंवा आधीच वापरात असं आलं तर फोन परत करा, कितीही स्वस्त असो. आयएमईआय बिलावर आणि सिम ट्रेजवळ किंवा डब्यावर छापलेल्याशी जुळलाच पाहिजे.

पुढंमागं नवा घ्यालच, तेव्हा कॅमेऱ्याचे मेगापिक्सेल मोजू नका. दुकानदाराला दोनच प्रश्न: सुरक्षा अपडेट किती वर्षं, आणि ते कंपनीनं कुठं लिहून दिलंय? सॅमसंगनं ए16 5जी ला 6 वर्षं जाहीर केलीत, म्हणजे महागड्याच फोनला मिळतात असं राहिलेलं नाही. 'येतात हो अपडेट' हे उत्तर नाही.

मांजराकाठ (केज)

सगळ्यांचे आभार. फोन बंद करून ताटात ठेवायला सांगितलंय, बॅटरी बदलायचं नक्की. तीन गोष्टी राहिल्या. काचेचा तडा तसाच ठेवला तर वाढेल का? जुनी बॅटरी टाकायची कुठं? आणि पुढच्या उन्हाळ्यात ही पण फुगू नये म्हणून काय करावं? फोन बऱ्याचदा शेतातल्या शेडमध्ये चार्ज होतो, लाइटचा भरवसा नाही, कधी रात्री दोनला येते.

सोल्डरवाला (लातूर)

तडा वाढू शकतो, विशेषतः फुगलेल्या बॅटरीनं आतून रेटा दिला असेल तर. बॅटरी निघाली की रेटा जाईल. वरून टेम्पर्ड ग्लास लावा, शंभर रुपयांत काम भागतं. 1,800 च्या फोल्डरचं सांगतो: तुमचा फोन एलसीडीचा असेल तर कॉपी फोल्डर निदान चालतो, उजेड कमी आणि उन्हात बघायला त्रास. मूळ स्क्रीन ॲमोलेड असेल तर त्या पैशात 'इनसेल' म्हणजे एलसीडी बसवतात, ती जाड असते, कडेनं किंचित वर राहते आणि स्क्रीनखालचा फिंगरप्रिंट कायमचा जातो. बाजूच्या बटणातला असेल तर त्याला धोका नाही. काच निखळेपर्यंत फोल्डर बदलू नका.

जुनी बॅटरी घंटागाडीत टाकू नका, भंगारवाल्याला देऊ नका. गाडीत दाबली गेली की कचऱ्याला आग लागते. दुकानातच सोडायची असेल तर दुकानदार ती कुठं पाठवतो ते विचारा. नाहीतर त्या कंपनीच्या सर्व्हिस सेंटरवर द्या. ई-कचऱ्याच्या आणि बॅटरीच्या नियमांनुसार गोळा करायची जबाबदारी कंपनीची आहे. नेताना कनेक्टरच्या टोकांना चिकटपट्टी लावा आणि वाळू भरलेल्या डब्यात ठेवा. कुरिअरनं पाठवू नका, खराब लिथियम बॅटरी विमानानं न्यायला बंदीच आहे.

शेडचं. पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी चार्जिंग करूच नका. लिथियम बॅटरीला चार्जिंगसाठी 45 अंश ही वरची हद्द. बाहेर 42-43 असताना पत्र्याखाली फोन चार्जरवर सहज तिच्या पुढं जातो. गरम आणि शंभर टक्के भरलेली, ही जोडी बॅटरीला सगळ्यांत वाईट. रात्री दोनला लाइट येऊन पहाटेपर्यंत फोन शंभरावर बसतो, मग सकाळी मोटरसायकलच्या होल्डरवर उन्हात, फुगण्याची सगळी तयारी झाली. सेटिंगमध्ये 'बॅटरी प्रोटेक्शन' किंवा 80-85 टक्क्यांवर थांबवायचा पर्याय असेल तर चालू करा. 2021 च्या मॉडेलमध्ये नसेलही. मग रात्रभर चार्जिंगला 18 वॅटचा न वापरता जुना 5 व्होल्ट 1 ॲम्पिअरचा चार्जर लावा. हळू भरतो आणि तापत नाही. रात्री घाई कशाला? चार्ज होताना कव्हर काढा, उशीखाली ठेवू नका.

कमी दाबाच्या लाइटनं चार्जर मरत नाही. त्यावर 100-240 व्होल्ट लिहिलेलं असतं, 150 व्होल्टलाही तो चालतो. मारक असते ती लाइट येता-जातानाची उसळी, आणि शेतीपंप बंद होतानाची. मोटर आणि चार्जर एकाच बोर्डावर असतील तर चार्जर तिथून हलवा, लाइट आल्यावर पाच मिनिटं थांबून लावा. 60-70 रुपयांचा बिनबीआयएस चार्जर नको. त्यात उसळी अडवणारे भागच नसतात, आणि तो जाताना फोनचा चार्जिंग आयसी बरोबर घेऊन जातो.

बॅटरी बसवून झाल्यावर दुकानातून निघण्याआधी एक करा: 30 टक्क्यांच्या खाली चार्ज असतानाच कॅमेरा, फ्लॅश आणि लोकेशन तिन्ही एकदम चालू करून दोन मिनिटं व्हिडिओ घ्या. बंद पडला नाही तर पैसे द्या.